बावन्न फुटांवरचं पाणी

आजच्या स्मरणसभेचे अध्यक्ष आणि आपल्या मैत्री कॉलनीचे चेअरमन मुकुंदराव कुलकर्णी; खाली सतरंजीवरच बसते म्हणाल्या असताना आपण आग्रहानं मंचावर आणून बसवलेल्या मालनबाई मगरे; त्यांचे चिरंजीव राजकुमार आणि कन्या विशाखा; नियोजित सभागृहाचा नकाशा मोबदला न घेता काढून देणारा, अध्यक्षांचा मुलगा आणि माझा एकेकाळचा विद्यार्थी केयूर; आणि आठ-आठ, नऊ-नऊ दिवस नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो, नमस्कार आणि सप्रेम जयभीम.

आज मांडव भरलाय. मागं लोक उभे आहेत. हा अप्पारावांबद्दलचा आदर आहे, यात शंका नाही. पण आपण आपल्यात खरं बोलू या. आज नळाचा दिवस असता तर या खुर्च्यांवर कोण बसलं असतं? कार्यक्रमाची तारीख ठरवायला आपण बसलो तेव्हा कुणी पंचांग उघडलं नाही, कुणी सुट्ट्यांची यादी पाहिली नाही. पहिला प्रश्न आला, "त्या दिवशी पाणी नाही ना?" ज्या शहरात जमिनीखालून नहरी नेऊन चारशे वर्षांपूर्वी घरोघर पाणी पोचवलं होतं, त्या शहरातली आपण माणसं. लग्नाचा मुहूर्त, मुलाचा वाढदिवस, माहेरी जाणं, सगळं नळाच्या वाराला विचारून करतो. बादल्या, पिंप, टाक्या, टाक्यांवर टाक्या. हसू नका, तुमच्याच गच्चीबद्दल बोलतेय.

आणि अशा वस्तीत आज आपण एका माणसाची आठवण काढायला जमलोय, ज्यानं या वस्तीला पाणी काढून दिलं.

नायब सुभेदार अप्पाराव मगरे गेल्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले. सैन्यात चोवीस वर्षं. एकाहत्तरच्या लढाईत ते होते. पंधरा ऑगस्टला आपली मुलं त्यांना घेरून विचारायची, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" ते म्हणायचे, "आम्ही इंजिनिअरांच्या तुकडीतले. आम्ही पूल बांधत होतो." मुलांची तोंडं पडायची. मग ते सांगायचे, "बाळांनो, पलीकडं गेलेल्या पोरांना परत यायला पूल लागतो." मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. लढायांच्या सनावळ्या अजून पाठ आहेत. पण युद्धाबद्दल एवढं शहाणं वाक्य मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही.

आता या माणसाच्या संसाराबद्दल बोलते. मालनबाई, रागावू नका. अर्ध्या गोष्टी तुम्हीच सांगितल्यात.

बहात्तरचा दुष्काळ. कन्नडच्या घाटाकडचं त्यांचं गाव. अप्पाराव दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आले तर घराला कडी. बायको कुठंय? पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडतेय. वर्षाचा राजकुमार शेजारी, बाभळीला बांधलेल्या झोळीत. हा माणूस ट्रंक ओसरीवर ठेवून तसाच कामावर गेला. मुकादम होता सांडू नावाचा.

"फौजी, तुमचं नाव मस्टरवर घेता येत नाय," सांडू म्हणाला. "तुमी सरकारी मानूस."

"नाव नका घेऊ. हातोडा द्या."

"अन् मजुरी?"

"हिचं नाव हाय ना मस्टरवर? मग झालं. ती बसंल लेकरापाशी."

सांडूनं कपाळाला हात लावला. "बायको सावलीत अन् नवरा उन्हात. लोक काय म्हनतील?"

"त्यांना सांगा, सुट्टीवर आलाय, हौस फेडू राह्यला."

दोन महिने हा सैनिक बायकोच्या नावावर खडी फोडत होता. आणि त्या दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली.

तोपर्यंत मालनबाईंना अक्षर येत नव्हतं. नवऱ्याचं पत्र आलं की गावातले गुरुजी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि अर्धं गाव ऐकायला बसायचं. अशा पत्रात माणूस काय लिहिणार? मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, म्हशीला जपा. दहा वर्षं हेच. मालनबाई मला म्हणाल्या, "मॅडम, मला वाटायचं ह्यांचं लगीन म्हशीसंगंच झालंय." म्हणून त्या सुट्टीत अप्पारावांनी ठरवलं की हिला वाचता आलं पाहिजे. पाटी कुठली? दगड होते. चपटा दगड घ्यायचा, चुलीतल्या कोळशानं त्यावर अक्षर काढायचं, बायकोच्या पुढ्यात ठेवायचं. तिनं ते ओळखलं, गिरवलं, की दगड याच्याकडं परत. मग हा तो फोडायचा. अ फुटला, आ फुटला, क फुटला. त्या तलावाच्या पिचिंगमध्ये, म्हणजे बांधावरच्या दगडी अस्तरात, अख्खी बाराखडी बसलीय.

सुट्टी संपली. तीन महिन्यांनी त्यांच्या तुकडीत मालनबाईंच्या हातचं पहिलं पत्र पोचलं. चार वाक्यं. "इकडं पाऊस नाही. राजू चालतो. म्हस मेली. तुम्ही या."

असं पत्र लिहायला कुठलं विद्यापीठ शिकवतं? मला सांगा.

याच फौजी माणसानं पुढं मालनबाईंना कावीळ झाली तेव्हा दीड महिना स्वयंपाक केला आणि लेकीच्या वेण्या घातल्या. विशाखा हसतेय. तिला विचारा. पूल बांधायच्या गाठी मारायचे. पोरीच्या भुवया कपाळात जायच्या. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "आज कवायत आहे का गं तुझ्या डोक्यावर?" पण दीड महिन्यात एकदाही एकही वेणी सुटली नाही.

आता विहीर.

ही वसाहत बसली त्र्याऐंशी साली. छावणीच्या पलीकडं तेव्हा ज्वारीची रानं होती. क्रांती चौकातून इकडं सायकलनं यायचं म्हटलं की लोक विचारायचे, मुक्कामाला जाताय का? वाळूजला कारखाने यायला लागले, शहर फुगायला लागलं, प्लॉट पडले. निवृत्त फौजी, कारकून, मास्तर, कामगार, सगळ्या जातीधर्माचे लोक शेजारीशेजारी आले. घरं आली, दिवे आले. पाणी आलं नाही. आणि पंच्याऐंशी-शहाऐंशीला परत दुष्काळ पडला.

अप्पारावांनी सभा घेतली आणि मोकळ्या जागेत विहीर खणायचं ठरलं. त्यांनी आपल्या गावाकडून कडुबा नावाचा विहीर खोदणारा आणला. चाळीस फुटांवर काळा खडक लागला. कडुबा वर आला, डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाला, "फौजी, इथं पानी नाय. असतं तर दगड घामाघूम झाला असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. सोडून द्या, म्हणाले. अप्पाराव म्हणाले, "दगड घामाघूम नाय झाला. आपुन तरी कुठं झालो?" आणि पहार घेऊन अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस स्वतः खाली उतरला. दोर ओढायला वर मालनबाई आणि राजकुमार. दुसऱ्या दिवशी कडुबा परत आला. म्हणाला, "तुमचं काय व्हायचं ते होऊ द्या, माझी अब्रू जायली."

बावन्न फुटांवर ओल लागली. ओला चिखल घमेल्यातून वर आला आणि कडुबानं बोट बुडवून जिभेला लावलं. "गोडंय," म्हणाला. एवढंच.

त्याच दिवशी अप्पारावांनी दोन नियम घातले. पहिला, दोर एकच आणि पोहरा एकच, सगळ्यांचा. दुसरा, पाणी आधी शेवटच्या गल्लीला. ज्याचं घर विहिरीपासून सगळ्यात लांब, त्याचा पोहरा पहिला. ज्यानं वाटायचं, त्यानं शेवटी प्यायचं.

दुसऱ्या नियमाबद्दल मी सांगू शकते. शहाऐंशी साली मी लग्न होऊन शेवटच्या गल्लीत, शेवटच्या घरात आले होते. त्या विहिरीचा पहिला पोहरा माझ्या दारातल्या घागरीत रिकामा झाला. आणणारी बाई म्हणाली, "नवी नवरी का? पी, लई गोड हाय." त्या मालनबाई होत्या.

पहिल्या नियमाची गोष्ट सांगायला अध्यक्षांची परवानगी गृहीत धरते, कारण गेली चाळीस वर्षं ते स्वतःच ती सांगतात. मुकुंदरावांच्या आईंना एकच दोर चालेना. त्या म्हणाल्या, आमचा दोर वेगळा राहील. ज्या माणसाला लहानपणी गावच्या विहिरीच्या काठावर चढू दिलं नव्हतं, ज्याच्या आईनं ओंजळ धरून दुसऱ्याच्या हातून पाणी घेतलं होतं, तो माणूस यावर काय म्हणाला? आवाजसुद्धा चढवला नाही. "आजी, दोर वेगळा आणा. पाणी वेगळं कुठून आणू?" आजी घरात गेल्या. चार दिवस टँकरची वाट पाहिली. पाचव्या दिवशी मुकुंदराव कळशी घेऊन रांगेत उभे होते. खरं ना अध्यक्षमहाराज? त्यांनी मान हलवली आहे, इतिवृत्तात नोंद घ्यावी.

आणि पुढं घातलेला तिसरा नियम. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता विहिरीचा गाळ काढायचा. एका घरातून एक माणूस, एक घमेलं. ते शिट्टी घेऊन उभे राहायचे. साहेब असो, शिपाई असो, पाटी सगळ्यांच्या डोक्यावर. दोन हजार तेराच्या दुष्काळात जेव्हा शहरभर हंड्यांच्या रांगा लागल्या, तेव्हा पंच्याहत्तरीचे अप्पाराव खुर्ची टाकून विहिरीवर बसले होते. आपली कॉलनी त्या उन्हाळ्यात तहानलेली राहिली नाही. शेजारच्या दोन वस्त्यांनाही आपण पाणी दिलं. तेव्हाही शेवटची गल्ली आधी.

मग काय झालं? बंधू-भगिनींनो, मग आपण मोठे झालो. बोअर घेतले. गाड्या घेतल्या. विहिरीत निर्माल्य टाकलं, मग घराची डागडुजी करताना निघालेलं डबर, मग काहीही. गाळ काढायला पहिल्या वर्षी सत्तर घमेली होती. पुढं वीस झाली, पुढं चार.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात दोन होती. एक अप्पारावांचं, एक मालनबाईंचं.

मला ठाऊक आहे, कारण मी पाहिलं. शेवटच्या गल्लीतल्या माझ्या गच्चीवरूनही विहीर सरळ दिसते; मी तिथं कुरडया वाळत घालत होते. ऐंशी ओलांडलेला माणूस बांबूला जाळी बांधून वरचा कचरा काढतोय आणि त्याची बायको तो घमेल्यात भरतेय. त्यांनी वर पाहिलं. मला पाहून कपाळाशी हात नेला, सलाम केल्यासारखा. मी हात हलवला. आणि कठड्याच्या आड बसून कुरडया घालत राहिले. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. समाज, परिवर्तन, समता यांवर मी या शहरात किती भाषणं दिली असतील, मोजदाद नाही. त्या सकाळी मला जिना उतरता आला नाही.

अप्पाराव गेले आणि आपल्याला त्यांचं स्मारक करावंसं वाटलं. मोकळ्या जागेत सभागृह बांधायचं, त्याला त्यांचं नाव द्यायचं. उत्तम ठराव. जागा कुठली? एका बाजूला आपल्या चोवीस गाड्या उभ्या असतात, त्या हलवायच्या कुठं? मग राहिली दुसरी बाजू. विहिरीची. वास येतो, डास होतात, मागं एकदा चेंडू काढताना एक मूल पडता पडता वाचलं. सगळं खरं आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. उद्या रविवार, सकाळी दहा वाजता जेसीबी येणार आहे आणि मालनबाईंच्या हस्ते भूमिपूजन होणार आहे.

त्या ठरावाची सूचक मी होते. अनुमोदक मुकुंदराव. भाषा माझीच, चांगली वळणदार.

काल संध्याकाळी मी या भाषणाची माहिती घ्यायला मालनबाईंकडे गेले. चहा झाला. मी म्हटलं, "मालनबाई, उद्या काय सांगू लोकांना?" त्या उठल्या आणि कपाटावरची आपली निमंत्रणपत्रिका घेऊन आल्या. माझ्यापुढं धरली. एका शब्दावर बोट ठेवलं.

"मॅडम, ह्यो शब्द मी दोनदा वाचला. म्हटलं, म्हातारीचे डोळे हायेत, चुकलं असंल. वाचा बरं तुमी."

मी वाचलं. "विहीर बुजवून त्या जागी."

"व्हय का. मंग बरोबरच वाचलं होतं मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, वर झाकन टाकून बाजूला हॉल बांधनार."

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुमी समदे एवढ्या मानानं करू राह्यले. मधी कशी बोलू? अन् मला इचारलं कुनी?"

ऐकलंत? मला विचारलं कुणी, म्हणाल्या. सभा झाल्या, नकाशे झाले, पत्रिका छापून त्यांच्या घरी मानानं नेऊन दिली. विचारलं नाही. ज्या बाईला त्या माणसानं फुटणाऱ्या दगडांवर वाचायला शिकवलं, तिला आपण काय वाचायला दिलं? त्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली, त्याची विहीर बुजवून. आपल्या हातून अप्पारावांचा अपमान झाला असता आणि त्यावर आपण हार घातला असता.

मी घरी आले. झोपले नाही, हे सांगत बसत नाही. आज इथं यायच्या थोडं आधी राजकुमारला घेऊन विहिरीवर गेले. केयूर, हे तू विशेष ऐक. अप्पाराव पाण्याची पातळी मोजायचे तो दोर राजकुमारकडं आहे. तो मी आणलाय. हा बघा. दर फुटावर एक गाठ आहे, बावन्न गाठी. सैन्यातलं मोजमाप, इंचाचा फरक नाही. टोकाला दगड बांधून आम्ही तो प्लास्टिकच्या थरातून खाली सोडला. दगड टेकला चव्वेचाळीसाव्या गाठीला. म्हणजे तळाला आठ फूट गाळ, आपण टाकलेला. आता या गाठी बघा. मागच्यांनाही दिसू दे, विशाखा, जरा तिकडचं टोक धर. इथपर्यंत कोरड्या आहेत. आणि इथून खाली अकरा गाठी ओल्या.

मे महिना आहे. नळाला आज पाणी नाही, उद्या नाही, परवा नाही. आणि आपल्या पायाशी अकरा फूट पाणी आहे, ज्यावर उद्या दहा वाजता आपण डबर ओतणार आहोत. पेढे वाटून.

हे पाणी आज पिण्याजोगं नाही, मला कळतं. तपासून घेऊ. भांडी, कपडे, संडास, झाडं, एवढ्याला झालं तरी तुमच्या नळाचं पाणी आठाऐवजी बारा दिवस पुरेल. विहिरीला कठडा बांधू, जाळी बसवू, म्हणजे मुलांची काळजी नाही. सभागृह हवं तर तेही बांधू, पण गाड्यांच्या बाजूला. केयूर, तुझा नकाशा वीस पावलं सरकव. गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतील, त्यांच्यावर धूळ बसेल. त्या चोवीस गाड्यांत एक माझी आहे. मी आज दुपारीच ती तिथून काढली.

अध्यक्षमहाराज, सूचक या नात्यानं मी माझा ठराव या क्षणी मागे घेते. अनुमोदकांनी काय करावं, हे मी सांगणार नाही. कळशी घेऊन पाचव्या दिवशी रांगेत उभा राहिलेला तरुण मला अजून आठवतो. मुकुंदराव चष्मा पुसत आहेत. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावते.

माझं बोलणं लांबलं. संयोजकांनी दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते घड्याळाला माहीत. कौतुकाच्या सभेत कटू बोलले, घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या, त्याबद्दल मगरे कुटुंबानं आणि तुम्ही सर्वांनी मोठ्या मनानं क्षमा करावी. ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. मांडव घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे आणि चाळीस वर्षांपूर्वी माझ्या घागरीत पहिला पोहरा ओतणाऱ्या मालनबाईंचे आभार.

आता एकच काम सांगते आणि बसते. उद्या मे महिन्याचा दुसरा रविवार आहे. तारीख ठरवताना आपण नळाचा वार पाहिला, हा वार कुणाच्या लक्षात आला नाही. जेसीबी दहाला येणार आहे. आपण सात वाजता विहिरीवर यायचं. एका घरातून एक माणूस, एक घमेलं. अप्पारावांची शिट्टी राजकुमार वाजवेल. शेवटची गल्ली आधी, म्हणजे पहिलं घमेलं माझं.